आज बोट जाणार नाही

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगाव, खानापूर आणि निपाणी या पट्ट्यातील माणसाचा पाण्याशी संबंध येतो तो मुख्यतः नदीच्या आणि धरणाच्या रूपाने. राकसकोपचे पाणी आपण पितो, हिडकलच्या पाण्यावर आपला ऊस उभा राहतो, आणि कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा समुद्र इतका जवळ असूनही त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेकडे वाहत जाते. समुद्राकडे आपण जातो ते सुट्टीचे पाहुणे म्हणून. आता याच भागातील काही तरुण, ज्यांतील दोघे माझ्या चांगल्या परिचयाचे आहेत, कारवारच्या किनाऱ्यावर पर्यटकांना बोटीतून समुद्रदर्शन घडवण्याचा व्यवसाय सुरू करीत आहेत. भांडवल बेळगावचे, बोट चालवणारे तांडेल कारवारचे, अशी ही भागीदारी आहे. तिच्याबद्दल मला मनापासून आस्था वाटते, आणि म्हणूनच तिच्यात काय सांभाळले पाहिजे याविषयी आज थोडे विस्ताराने बोलायचे आहे.

हा किनारा निवडण्यात त्यांची चूक मुळीच झालेली नाही. उत्तरेकडच्या कोकणात डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये बरीच सखल जमीन असते. कारवारला मात्र सह्याद्रीच्या सोंडा थेट लाटांपर्यंत येऊन पोहोचतात. काळी नदी समुद्राला मिळते तिथे उत्तरेच्या टेकडीवर सोंदेकर राजांनी बांधलेला सदाशिवगड आहे, समोर पाण्यात कूर्मगडाचे बेट आहे, त्याच्या आणखी बाहेर दीपगृह असलेला देवगड आहे आणि दक्षिणेला पोर्तुगीजांच्या खुणा अंगावर बाळगणारे अंजदीव आहे. रवींद्रनाथ ठाकूर १८८३ मध्ये येथे येऊन राहिले होते, कारण त्यांचे वडीलबंधू सत्येंद्रनाथ तेव्हा कारवारला न्यायाधीश होते. आणि एका चांदण्या रात्री काळी नदीतून छोट्या होडीने केलेल्या सफरीची आठवण त्यांनी पुढे लिहून ठेवली. बंगालसारख्या नद्यांच्या देशातून आलेल्या माणसाला जे पाणी विसरता आले नाही, ते पाहण्यासाठी आपल्याकडची माणसे चार पैसे मोजतील, याविषयी मला शंका नाही.

परंतु सौंदर्य ज्या खडकांमुळे आहे, धोकाही त्याच खडकांमुळे आहे. वाळूच्या सपाट किनाऱ्यावर लाट हळूहळू फुटते आणि तिचे बळ वाळूवर पसरून जाते. उभ्या कड्यावर आदळणारी लाट मात्र फुटण्याऐवजी बरीचशी परत फिरते, आणि परतणारी व येणारी अशा दोन लाटा एकमेकींना भेटल्या की कड्यालगतचे पाणी जागच्या जागी उसळू लागते. लांबून पाहणाऱ्याला समुद्र शांत दिसत असतानाही त्या पट्ट्यात बोट कोणत्याही दिशेने कलू शकते. पर्यटकाला तर नेमके तिथेच जायचे असते, कारण छायाचित्र तिथेच चांगले येते. म्हणून आमच्या या तरुणांबरोबर बसून तांडेलांनी जो पहिला नियम ठरवला तो मला फार शहाणपणाचा वाटतो: इंजिन अचानक बंद पडले तर नांगर टाकायला, तो तळाला धरायला आणि दुसरे इंजिन चालू करायला पुरेल इतके अंतर खडकापासून नेहमी ठेवायचे, आणि वारा खडकाच्या दिशेने वाहत असेल तर ते अंतर दुप्पट करायचे.

दुसरी अवघड जागा म्हणजे नदीचे मुख. काळी नदीने आणलेली वाळू मुखाशी साचते आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर तिचा दांडा थोडा इकडे, थोडा तिकडे सरकतो. गेल्या वर्षी जिथून बोट सुखरूप गेली तिथेच यंदा पाणी उथळ असू शकते. त्यातही ओहोटीचे पाणी वेगाने बाहेर पडत असेल आणि समोरून लाटा येत असतील, तर त्या लाटा आखूड आणि उंच होऊन दांड्यावर फुटतात. वर कद्रा धरणातून पाणी सोडले असेल तर बाहेर पडणाऱ्या प्रवाहाला आणखी जोर चढतो. ही माहिती कोणत्याही नकाशात ताजी मिळत नाही. ती मिळते रोज पहाटे त्या मुखातून ये-जा करणाऱ्या खारवी, गाबीत आणि हरिकंत्र मासेमारांकडे. बेळगावहून पैसे नेता येतात, हे ज्ञान नेता येत नाही, आणि म्हणून तांडेलाला पगारी चालक न समजता भागीदार समजले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी भिंतीवर दिनदर्शिका आहे त्यांना भरतीची वेळ स्वतः काढता येईल. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब असा आहे की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. त्या दिवसांत पाण्याची चढउतार कमी असते आणि त्याला भांग म्हणतात. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि ते दिवस उधाणाचे, म्हणजे पाणी सर्वांत जास्त चढण्याचे आणि सर्वांत वेगाने उतरण्याचे. भरतीनंतर सुमारे तीन तासांनी ओहोटीचा जोर सर्वाधिक असतो. याला वाऱ्याची जोड द्या. रात्री जमीन थंड होते आणि पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे सकाळचे पाणी बहुधा निवळ असते. दुपारनंतर तापलेल्या जमिनीकडे खारा वारा येऊ लागतो आणि पाणी खवळते. म्हणजे उधाणाच्या दिवशी दुपारी दोन-अडीचच्या सुमारास बाहेर जाणारे पाणी आणि आत येणारा वारा हे दोन्ही नदीच्या मुखाशी समोरासमोर येतात.

हे मी इतके सविस्तर सांगतो आहे, त्यामागे कारण आहे. कूर्मगडावर नरसिंहाचे देऊळ आहे आणि त्याची जत्रा पौष पौर्णिमेला भरते. २१ जानेवारी २०१९ रोजी त्या जत्रेहून परतणारी एक बोट दुपारी उलटली आणि १६ माणसे गेली. त्या अपघाताचे कारण ठरवण्याचा अधिकार मला नाही. पण तो पावसाळा नव्हता, वादळ नव्हते, हिवाळ्यातला उजळ दिवस होता, ही गोष्ट घाटावरच्या प्रत्येक माणसाने ध्यानात ठेवावी अशी आहे. आकाश निरभ्र असले की समुद्र शांत असणारच, हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील ८ जण बुडाले, तो दिवसही उन्हाळ्याचाच होता. बेळगाव शहरात त्या दिवसाची आठवण अजून ताजी आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या व्यवसायाचा कणा कोणता, असे मला विचारले तर मी बोटीचे किंवा जाहिरातीचे नाव घेणार नाही. तांडेलाने सकाळी किनाऱ्यावर उभे राहून ‘आज बोट जाणार नाही’ असे म्हटले, तर ते वाक्य फिरवण्याचा अधिकार मालकाला नसणे, हाच तो कणा आहे. ऐकायला हे सोपे आहे, पण पाचशे रुपये घेऊन आलेले कुटुंब समोर उभे असते, बँकेचा हप्ता डोक्यावर असतो, शेजारचा माणूस आपली होडी पाण्यात लोटताना दिसतो, आणि अशा वेळी तांडेलाचा शब्द टिकून राहायचा असेल तर त्याची तजवीज आधीच कागदावर आणि हिशेबात झालेली असली पाहिजे. नुसत्या चांगुलपणावर हा शब्द टिकत नाही.

ही तजवीज कशी करावी? सर्वप्रथम, तांडेलाचे आणि खलाशांचे वेतन फेऱ्यांच्या संख्येवर अवलंबून नसावे. बोट बांधून ठेवलेल्या दिवशीही त्यांच्या हातात ठरलेली रक्कम पडली पाहिजे, नाहीतर आपणच त्यांना धोका पत्करायला भाग पाडतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते आणि पावसाळा सरेपर्यंत पर्यटकांच्या फेऱ्याही होऊ शकत नाहीत, त्यामुळे वर्षाचा हिशेब ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांवरच मांडला पाहिजे, आणि त्यातही दर आठवड्याला निदान एक दिवस बोट निघणार नाही असे धरूनच तिकिटाचा दर ठरवला पाहिजे. बँकेशी बोलताना हप्ते हंगामापुरते मागून घ्यावेत. फेरी रद्द झाली तर पैसे पूर्ण परत मिळतील हे आरक्षणाच्या वेळीच सांगावे, आणि त्याच्याच जोडीला किनाऱ्यावर करता येईल असा दुसरा कार्यक्रम तयार ठेवावा. कारवारच्या किनाऱ्यावर नौदलाची ‘चपळ’ ही निवृत्त युद्धनौका संग्रहालय म्हणून उभी आहे, सदाशिवगडाची टेकडी चढता येते, आणि वारा बाहेर जोराचा असला तरी नदीच्या आतल्या, खारफुटीच्या शांत पाण्यात छोटी फेरी अनेकदा शक्य असते. आमच्या तरुणांनी आतल्या फेरीसाठी वेगळी, सपाट तळाची बोट ठेवण्याचे ठरवले आहे, आणि त्यांच्या सगळ्या योजनेत हाच निर्णय मला सर्वांत जास्त आवडला.

हवामानासाठी तांडेलाच्या डोळ्यांना आज चांगली साथ मिळते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांची उंची आणि दिशा यांचे अंदाज रोज देते, आणि एप्रिल-मे महिन्यांत दूरच्या दक्षिण महासागरात उठलेल्या लांब लाटा आपल्या किनाऱ्याला, इथे वारा नसतानाही, येऊन धडकतात तेव्हा त्यांचीही सूचना देते. परवाना, बोटीची नोंदणी व तपासणी, चालकाचे प्रमाणपत्र आणि विमा या गोष्टींबद्दल वेगळे सांगायला नको. त्यांच्याशिवाय बोट पाण्यात उतरवू नये. दोन इंजिने, सोळा क्रमांकाच्या संकटवाहिनीवर बोलता येईल असा व्हीएचएफ बिनतारी संच, आणि प्रत्येक प्रवाशाच्या अंगावर, बाकाखाली नव्हे तर अंगावर, बांधलेले जीवरक्षक जाकीट हेही तसेच. अंजदीव आणि नौदलाच्या तळाच्या हद्दीत जाण्याचा हट्ट कोणी कितीही धरला तरी तो पुरवायचा नाही.

डॉल्फिनविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण निम्मे प्रवासी त्यासाठीच येतात. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहणारा, पाठीवर मदार असलेला हा प्राणी, ज्याला कोकणातले मासेमार गादा म्हणतात, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला श्वास घ्यायला वर यावेच लागते, आणि तीन-चार बोटी त्याच्या मागे धावू लागल्या की त्याचे खाणे, विश्रांती आणि पिलाला पाजणे सगळेच मोडते. खरे म्हणजे वेग कमी करून, बाजूने, त्याच्याच दिशेने सावकाश जाणाऱ्या बोटीजवळ तो पुष्कळदा आपणहून येतो. दुसरा धोका माणसांचा आहे. ‘तो पाहा’ अशी आरोळी उठली की सगळे प्रवासी एका बाजूला धावतात आणि बोट त्या बाजूला कलते. म्हणून निघण्यापूर्वीच, मराठी, कोंकणी आणि कन्नड या तिन्ही भाषांत, जागेवर बसूनच पाहायचे हे सांगितले पाहिजे. आपल्या सीमाभागातून येणाऱ्या एकाच बसमध्ये या तिन्ही भाषा बोलणारी माणसे असतात, आणि घाबरलेला माणूस सूचना समजतो ती आपल्या घरच्या भाषेतलीच.

शेवटी, आता सहलींचा हंगाम येत आहे म्हणून शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि सहलप्रमुख शिक्षकांना एक विनंती करतो. अनमोडच्या किंवा अणशीच्या घाटाने उतरून येणारी बस बहुधा उशिरा पोहोचते, आणि मग दुपारची, म्हणजे सर्वांत वाईट वेळेची फेरी पदरात पडते. मुक्काम आदल्या रात्री किनाऱ्यावर करून बोटीची वेळ सकाळची ठेवा. बोटीची प्रवासीक्षमता बाहेरून लिहिलेली असते, ती वाचा आणि मुले मोजून त्यापेक्षा कमीच बसवा; उरलेली मुले दुसऱ्या फेरीला जातील. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक प्रत्येक शिक्षकाच्या फोनमध्ये असू द्या. पालकांना पाठवायच्या पत्रकात ‘समुद्रफेरी, हवामान अनुकूल असल्यास’ असे स्पष्ट छापा, म्हणजे तांडेलाने नकार दिला तर मुलांची समजूत घालणे तुम्हाला सोपे जाईल आणि त्याच्याशी वाद घालण्याची वेळ तुमच्यावर येणार नाही.

नमस्कार.