नियम सगळ्यांना सारखा, पण भार कोणावर?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओपासून एकच कमेंट सतत येतेय: "दुकानात, हॉटेलात काम करायचं तर दाढी, टॅटू, स्कार्फचे नियम पाळायला काय हरकत? नियम सगळ्यांना सारखेच असतात ना?" बोलूच आज.

कपडे स्वच्छ हवेत, खाण्याच्या पदार्थांजवळ केस बांधलेले हवेत. यावर कुणाचाच वाद नाही, पुढे जाऊ.

आता 'दाढी नको' हा नियम घ्या. एखाद्याची त्यात सकाळची पाच मिनिटं जातात, पण शीख माणसाला धर्म नाहीतर नोकरी, यातलं एक सोडावं लागतं. ज्यांची दाढी कुरळी असते त्यांच्यापैकी अनेकांना रोज गुळगुळीत दाढी केली की केस त्वचेत उलटे शिरतात, फोड येतात. कृष्णवर्णीय पुरुषांना हा त्रास जास्त होतो. अमेरिकेत यूपीएस या कुरिअर कंपनीत असा नियम होता. धार्मिक भेदभावाच्या खटल्यात २०१८ मध्ये त्यांनी ४९ लाख डॉलर मोजून तडजोड केली आणि २०२० मध्ये दाढी, वेण्या, जटा सगळ्याला परवानगी दिली.

दुसरं उदाहरणही अमेरिकेतलंच, ॲबरक्रॉम्बी या कपड्यांच्या दुकानांचं. तिथे टोपीला बंदी होती, सगळ्यांनाच. २००८ मध्ये एक मुस्लिम मुलगी हिजाब घालून मुलाखतीला आली. निवडीइतके गुण मिळाले, तरी हिजाबमुळे तिला नाकारलं. कंपनी म्हणाली, तिनं सवलत मागितलीच नव्हती. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला: धर्मामुळे सवलत द्यावी लागेल, ती टाळायची म्हणून नोकरी नाकारलीत तर तो भेदभावच, मग तिनं तोंडानं मागितलेली असो वा नसो.

आणि पैसा! यावर कमेंटमध्ये कुणीच बोलत नाही, याचा मला खरंच राग येतो. मी काउंटरवर काम करायचे तेव्हा काळे लेदरचे बूट स्वतः आणायचे, असा नियम होता. मॅनेजरलाही तोच नियम. त्याच्याकडे ते बूट आधीच होते, मी मात्र पहिला पगार हातात यायच्या आधी उसने पैसे घेऊन आणले. नियम एकच, पण ज्याचा पगार सगळ्यात कमी त्यालाच तो सगळ्यात महाग पडतो.

एकानं लिहिलंय, "ग्राहकांना आवडत नाही त्याचं काय?" अहो, विमानात प्रवाशांना बायकाच आवडतात म्हणून पॅन ॲम ही अमेरिकी विमान कंपनी पुरुषांना केबिनमधलं काम देत नव्हती. १९७१ मध्ये अमेरिकी न्यायालयानं हे कारण फेटाळलं. आज विमानात पुरुष कर्मचारी दिसला तर कुणी दचकत नाही.

तर, मुलाखतीला जाणाऱ्यांनो, ड्रेस कोड लेखी मागा. युनिफॉर्म, बूट, धुलाई यांचा खर्च कोण करणार, पगारातून कापणार का, हे सही करण्याआधी विचारा. तुमच्याकडे बुटांचे पैसे कुणी भरले, ते खाली लिहा. पुढचा व्हिडिओ त्यावरच करते.