चिपाडातला रस

नमस्कार श्रोतेहो.

आपल्याकडच्या गुऱ्हाळावर ऊस चरकात घातला की रस धो धो पडतो. उरलेलं चिपाड वाळवून चुलवाणात घालतात. उद्या ऊस संपला आणि कुणी म्हणालं, हेच चिपाड गरम पाण्यात भिजवून पुन्हा पिळू या, तर? थोडा रस निघेलही. पण त्यापायी जळण किती जाईल, हे गुळव्या आधी विचारेल.

कॅनडातल्या अल्बर्टात तेलाचं हेच चाललंय. तिथं डांबरासारखं तेल वाळूला चिकटलेलं असतं. एका पिंपासाठी, म्हणजे १५९ लिटर तेलासाठी, सुमारे दोन टन वाळू खणून गरम पाण्यानं धुवावी लागते. पाणी तापवायला पुन्हा वायू जाळायचा आणि धुण्याचं विषारी पाणी तळ्यांत साठवायचं.

अमेरिकेत शेल नावाच्या घट्ट खडकात पाणी, वाळू आणि रसायनं प्रचंड दाबानं सोडून खडक फोडतात. एका विहिरीला दीड कोटी लिटर पाणी सहज लागतं. दहा हजार लिटरचे दीड हजार टँकर! एवढं करून पहिल्या वर्षातच तेल निम्म्याहून खाली येतं. मग कर्ज काढून दुसरी विहीर, तिचं फेडायला तिसरी. एप्रिल २०२० मध्ये तेलाच्या वायद्याचा, म्हणजे पुढच्या महिन्यात मिळणाऱ्या तेलाच्या सौद्याचा, भाव शून्याच्याही खाली गेला आणि जूनमध्ये चेसापीक एनर्जीसारख्या बड्या कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती तेलाबरोबर वर येणाऱ्या खारट पाण्याची. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात ते खोल जमिनीत जिरवलं. पाण्याच्या दाबानं जुने भ्रंश, म्हणजे खडकांतल्या खोल भेगा, सरकले. जिथं पूर्वी वर्षाकाठी मोजके धक्के बसायचे, तिथं २०१५ मध्ये तीन रिश्टरच्या वरचे शेकडो बसले. सप्टेंबर २०१६ मध्ये तिथल्याच पॉनी गावाजवळ ५.८ चा.

ही गोष्ट आपल्याला कुणी वेगळी समजावून सांगायला नको. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट कोल्हापुरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. कोयनेच्या भूकंपाचा संबंध शास्त्रज्ञ धरणाच्या पाण्याशी जोडतात. तिथंही पाण्याचा दाब खोल भेगांत उतरला होता.

ओक्लाहोमात पाणी जिरवण्यावर मर्यादा आल्या, तसे धक्के कमी झाले. पण तडकलेल्या भिंतींचा खर्च तेलाच्या भावात कुणीच धरला नव्हता.