तपकिरी गाडी

साल १९०७. अमेरिकेतलं सिएटल शहर. फोन अजून घरोघरी पोचलेला नाही. तातडीचा निरोप असला, की कुणीतरी तो धावत नेऊन द्यायचा. ही गरज हेरली १९ वर्षांच्या जिम केसीने. मित्राकडून १०० डॉलर उसने घेतले, क्लॉड रायनला जोडीला घेतलं आणि एका तळघरात काम सुरू केलं. हीच पुढची यूपीएस, पार्सलं घरपोच नेणारी कंपनी. पोरं निरोप, पुडकी घेऊन पायी नाहीतर सायकलवर धावायची. केसीला कष्ट नवे नव्हते. घराला हातभार म्हणून तो ११ व्या वर्षापासून राबत होता.

पण फोन वाढले, तसा निरोपांचा धंदा बसू लागला. केसीने मोर्चा दुकानांकडे वळवला. एकाच गल्लीत चार दुकानांची पार्सलं जायची असतील, तर चार गाड्या कशाला? त्याची माणसं सगळ्यांची पार्सलं एकत्र करायची, वस्तीवार लावायची आणि एकाच गाडीतून पाठवायची. ऐकायला किती साधं! मला तर वाटतं, पुढचा सगळा पसारा या एका युक्तीवर उभा आहे.

१९१३ मध्ये पहिली मोटार आली, फोर्डची मॉडेल टी. १९१९ मध्ये कंपनी कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडला पोचली आणि नाव झालं युनायटेड पार्सल सर्व्हिस, म्हणजेच यूपीएस. गाड्यांचा रंग तपकिरी, मळखाऊ.

दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा पायाखालची जमीन सरकली. लोक उपनगरांत राहायला गेले, स्वतःच्या मोटारीने बाजारहाट करू लागले, सामान डिकीत टाकून घरी. दुकानांची पार्सलं आटली. मग १९५३ मध्ये कंपनीने ठरवलं, आता कुणाचंही पार्सल कुणाकडेही न्यायचं. पण त्यासाठी परवाने हवेत! वर्षानुवर्षं अर्ज, सुनावण्या, कोर्टकचेऱ्या. सलग भूभागातल्या ४८ राज्यांमधला प्रत्येक पत्ता गाठेपर्यंत १९७५ उजाडलं. हा चिवटपणा मला विमानांच्या ताफ्याहून मोठा वाटतो. स्वतःची विमानसेवा १९८८ मध्ये आली. केसी ती पाहायला नव्हता, १९८३ मध्येच तो गेला.

आता ही गाडी नीट बघा. ती शक्यतो डावीकडे वळत नाही. अमेरिकेत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. डावीकडे वळायचं, तर समोरची रांग सरेपर्यंत इंजिन चालू ठेवून थांबायचं. त्यापेक्षा तीनदा उजवीकडे वळलेलं परवडतं.