फौजीच्या घरचे कागद

मंडळी, सातारा जिल्ह्यात फौजेबद्दल बोलायचं म्हटलं की अपशिंग्याचं नाव आधी येतं. पहिल्या महायुद्धात या एका गावाची 46 माणसं कामी आली. गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ जोडलं गेलं ते कायमचं. त्या युद्धानंतर सरकारनं आपल्याकडं गावोगावी दगडी फलक लावले. या गावातून इतके लढाईवर गेले, त्यातले इतके परत आले नाहीत. अशा फलकांवर बहुधा आकडाच असतो. कुणाचा लेक गेला, कुणाचा नवरा गेला, ते दगडावर सापडत नाही.

इराकात बसऱ्याला या युद्धाचं मोठं स्मारक आहे. त्या आघाडीवर सहावी पुणे डिव्हिजन लढली आणि तिच्यात 103, 110 आणि 117 या आपल्या मराठा पलटणी होत्या. कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अन्नधान्य संपलं, 29 एप्रिल 1916 ला शरणागती पत्करावी लागली आणि उपाशी माणसं रणरणत्या उन्हात कैदेकडं चालवली गेली. कित्येक वाटेतच गेली. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं एकेक करून कोरली. आपल्या साध्या शिपायांची मात्र पलटणीपुढं नुसती संख्या लिहिली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं 2021 साली आपल्या अहवालात हा भेदभाव झाल्याचं मान्य केलं. मान्य करायला शंभर वर्षं लागली.

मी आज हे काढतोय त्याला कारण आहे. मी फौजेत क्लार्क होतो. घरी आल्यापासून पेन्शनरांचे आणि वीरनारींचे कागद बघतो. मला रोज दिसतं ते असं, की फौजीचं आणि त्याच्या माणसांचं नाव कागदावर बरोबर नसणं हा प्रश्न आजही तितकाच जिवंत आहे.

एक मावशी आल्या होत्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात नवऱ्याचं डिस्चार्ज बुक म्हणजे फौजेतून सुटल्याचं पुस्तक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, दोन जुनी पासबुकं. शाळेच्या दाखल्यावर शेवंता. लग्नात सासरच्यांनी नाव ठेवलं सुमन. नवऱ्यानं पलटणीत लग्नाची नोंद केली ती सुमन या नावानं. आधार काढताना मावशींनी सांगितलं, शेवंता. नवरा होता तोवर कुणाचं काही अडलं नाही. तो गेल्यावर बँक विचारायला लागली, ‘ही सुमन कोण?’ तीस वर्षं ज्याच्या बदल्या, रजा, फील्ड पोस्टिंग मोजत त्या माउलीनं संसार केला, त्याची बायको आपणच आहोत हे तिला प्रतिज्ञापत्र करून सांगावं लागलं. तिची त्यात काय चूक? आपल्याकडं बाईचं नाव बदलायची रीतच होती.

सातबाऱ्यावर नाव लागलं का हे बघायला आपण तलाठ्याकडं दहा हेलपाटे घालतो. पार्ट टू ऑर्डरचं नाव तरी घरात कुणाला ठाऊक असतं का? लग्न झालं, मूल झालं, की पलटण ती ऑर्डर काढते आणि रेकॉर्ड ऑफिसात नोंद होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड बेळगावला. ती नोंद नसेल तर कागदोपत्री ते लग्नही नाही आणि ते मूलही नाही.

मृत्यू कसा झाला, यावरही पुढचं सगळं ठरतं. लढाईत गेला तर बायकोला शेवटच्या पगाराइतकी पेन्शन. नोकरीच्या कारणानं गेला तर 60 टक्के. बाकी मृत्यूंना साध्या कुटुंब पेन्शनचा दर 30 टक्के, सुरुवातीची काही वर्षं वाढीव. म्हणून पलटणीकडून आलेला प्रत्येक कागद जपा आणि जाणत्या माणसाकडून वाचून घ्या. तेराव्याच्या गडबडीत भाऊबंद पुढं करतील त्या कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. हे मी हात जोडून सांगतो, कारण त्याचे परिणाम मी पाहिलेत.

2022 पासून पोरं अग्निवीर म्हणून जातायत. त्यांना पेन्शन नाही, 48 लाखांचा विमा आहे. तो नॉमिनी म्हणून लावलेल्या नावाला मिळतो. पोरगं भरती होतं तेव्हा आईचं नाव लावतं, पुढं लग्न होतं आणि बदलायचं राहून जातं. मग सासू आणि सून, दोघींचंही दुःख कोर्टाच्या पायरीवर जातं.

शहीद जवानाच्या फ्लेक्सला गावात वर्गणी लगेच जमते, जमावीच. त्याच तरुण मंडळांना माझं एक मागणं आहे. गावातल्या प्रत्येक फौजीच्या घरी जा. आधार, पासबुक, पीपीओ आणि डिस्चार्ज बुक शेजारी शेजारी ठेवून नावं आणि जन्मतारखा जुळवून बघा. जुळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जा, तिथं अर्ज करून देतात. फौजी सुट्टीवर आला असेल तर त्याच सुट्टीत करा. पलटणीतून त्याची स्वतःची सही मिळते तोवर हे काम सोपं असतं.