सळीचा जन्मदाखला

नमस्कार मंडळी. आजचा विषय जड आहे, म्हणजे अक्षरशः जड, सिमेंट आणि लोखंडाचा, तेव्हा चहा घेऊनच बसा.

लाइट बिल आपण सगळेच बघतो, एसी किती खातो, गीझर किती खातो, त्यावरून घरात भांडणंही होतात. पण ज्या घरात तो एसी लावलाय ते घर बांधताना किती धूर झाला, त्याचं बिल कुणाच्याच दाराखालून येत नाही. तो धूर किल्ली हातात यायच्या आधीच होऊन गेलेला असतो. परत सांगतो, किल्ली हातात यायच्या आधीच. इंजिनियर मंडळी त्याला एम्बॉडीड कार्बन म्हणतात, मी आपला पोटातला कार्बन म्हणतो.

मोजायचा कसा, तर वाण्याच्या यादीसारखा. किती किलो सिमेंट, किती किलो सळी, आणि दर किलोमागे किती कार्बन डायऑक्साइड. गुणाकार करा, बेरीज करा, झालं. वजन मिळतं हो, तो किलोमागचा आकडा मिळवताना घाम फुटतो. आणि त्याचाच एक किस्सा आहे, खरं सांगायचं तर किस्सा आधी होता, विषय नंतर सुचला.

माझा आतेभाऊ, मोठा म्हणून दादा, त्याचं तुर्भे एमआयडीसीत नट-बोल्टचं छोटंसं वर्कशॉप आहे. २०२४ च्या पावसाळ्यात जर्मनीच्या गिऱ्हाइकाचा मेल आला, सोबत ही एवढी लांब एक्सेल शीट, तुमच्या एक टन बोल्टमागे कार्बन किती ते भरा. दादाचा मला फोन, "अरे त्यात काय, पॉइंट दोन टक्के, सर्टिफिकेटवरच लिहिलेलं असतं की!" म्हटलं दादा, तो लोखंडातला कार्बन, हे विचारतायत तो भट्टीतून उडालेला.

झालंय असं की युरोपने बाहेरून येणाऱ्या लोखंड, सिमेंट, ॲल्युमिनियम, खत अशा मालावर कार्बनचा कर आणलाय, सीबॅम म्हणतात त्याला. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून त्याचे पैसे लागायला लागले. नट-बोल्टही त्यात आले. आणि २०२४ च्या जुलैनंतर ठोकळ आकडे चालेनात, खरे द्या म्हणाले.

दादाच्या वर्कशॉपची वीज मोजायला अर्धा दिवस पुरला, मीटर होताच. पण बोल्टच्या पोटातला बहुतेक कार्बन त्याचा नव्हताच, तो राउंड बारबरोबर, म्हणजे ज्या गोल सळीपासून बोल्ट होतात तिच्याबरोबर, विकत आलेला. मग आम्ही दोघं भर पावसात कळंबोलीच्या लोखंड बाजारात. ट्रेलरच्या रांगा, गंजाने लाल झालेली डबकी, आणि चहा मात्र काचेच्या ग्लासात. (कागदी कपातला चहा हा चहा नव्हे, हे माझं मत आहे आणि ते मी कुठल्याही विषयात सांगतो.) व्यापारी शेठ आमचं ऐकून हसायलाच लागले. "लोखंड ते लोखंड, साहेब. सळीचा कधी जन्मदाखला मागतात का?"

त्यांचे मुनीम मात्र बेरकी. काही न बोलता उठले, छत्री घेतली, बंडलला तारेने बांधलेला पत्र्याचा बिल्ला अंगठ्याला थुंकी लावून घासला आणि नंबर वाचून दाखवला. हीट नंबर! म्हणजे भट्टीच्या कुठल्या घाणातून हा माल निघाला तो नंबर. फाइलमधलं सर्टिफिकेट जुळलं, मिल निघाली जालन्याची. लगेच फोन, स्पीकरवर.

"भट्टीत काय घालता हो?"

"भंगार."

"फक्त भंगार?"

पलीकडे शांतता. मग आवाज आला, "तुम्ही इन्कम टॅक्सचे का?"

नाही म्हणून शपथा घेतल्यावर तो माणूस बोलायला लागला. भंगार मिळेल तेव्हा भंगार, महागलं की स्पॉन्ज आयर्न, म्हणजे खनिजापासून न वितळवता काढलेलं कच्चं लोखंड. आणि मंडळी, सगळी गोम इथेच आहे. भंगार विजेवर वितळवायला टनाला साधारण ६०० युनिट लागतात, आपल्याकडे एका युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सव्वाचारशे किलोच्या घरात, वर रोलिंगचं इंधन. तेच खनिजापासून कोळशाच्या झोतभट्टीत केलं तर टनाला दोन टनांच्या वर. स्पॉन्ज आपल्याकडे बहुतेक कोळशावरच होतं, ते मिसळलं की आकडा चढलाच. दिसायला दोन्ही बार सारखेच, शेठजी खोटं बोलत नव्हते! त्या माणसाने तीन आठवड्यांनी घाणानुसार आकडे पाठवले, दादाची शीट भरली गेली.

सिमेंटचं थोडक्यात सांगतो, वेळ होत आलाय. १०० किलो चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो, भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी हा जाणारच. म्हणून क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून केलेले जे खडे दळून सिमेंट होतं ते, कमी करायचं. पीपीसी नावाच्या सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत वीजकेंद्राची राख चालते, स्लॅग सिमेंटमध्ये ७० टक्क्यांपर्यंत स्लॅग, म्हणजे झोतभट्टीची मळी. ताकद जरा सावकाश येते, तेव्हा शटरिंग काढायची घाई नको आणि पाणी मारायचा आळस नको, एवढंच पथ्य. आणि नवीन फ्लॅटमध्ये शिरल्या शिरल्या बिल्डरच्या कोऱ्या टाइल्स फोडून दुसऱ्या बसवणारे लोक, त्यांच्याबद्दल मी रेडिओवर बोलू शकत नाही.

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीचंही रिडेव्हलपमेंट ठरलंय. दुरुस्तीवर भागलं असतं तर ते केव्हाही बरं, पण बिल्डिंग सी-वनमध्ये, म्हणजे रिकामी करून पाडायच्या अतिधोकादायक यादीत गेली, इलाज नाही. परवा मीटिंगला सगळे पार्किंग आणि वाढीव कार्पेटवर तुटून पडले होते, तेवढ्यात मी बिल्डरच्या इंजिनियरला विचारलं, सळी कुठल्या भट्टीची घेणार? तो पोरगा हसला, "काका, सळी ती सळी."

म्हटलं, बंडल आलं की हीट नंबर द्या, जालन्याचा फोन नंबर आहे माझ्याकडे.

नमस्कार.