ए झेंड्या!

सांगली आकाशवाणीच्या श्रोत्यांना नमस्कार.

'लाइनमन' म्हटलं की आपल्या भागात आधी आठवतो तो विजेच्या खांबावर चढणारा. वळवाच्या पावसात लाइट गेली की सगळं गाव त्याची वाट बघतं, एरवी त्याला कुणी विचारत नाही. फुटबॉलच्या मैदानाच्या कडेनं झेंडा घेऊन पळणाऱ्यालाही पूर्वी हेच नाव होतं. 1996 साली ते अधिकृतपणे बदललं आणि तो 'सहायक पंच' झाला. मी मिरज-सांगलीच्या मैदानांवर चौदा-पंधरा वर्षं हे काम केलं, पण प्रेक्षकांनी मला या दोन्ही नावांनी कधी हाक मारली नाही. "ए झेंड्या!" एवढंच. माझा झेंडा म्हणजे इलेक्ट्रिकच्या पाइपाचा दोन फुटी तुकडा आणि शिंप्याकडून शिवून आणलेलं लाल कापड. पाइप इलेक्ट्रिकचाच होता, म्हणजे लाइनमन हे नाव अगदीच वावगं नव्हतं म्हणा.

तुमच्यापैकी बरेच जण 11 जून 2024 च्या रात्री टीव्हीसमोर असतील. दोह्यात भारत विरुद्ध कतार, विश्वचषकाच्या पात्रता फेरीचा सामना. जिंकलो असतो तर तिसऱ्या फेरीत गेलो असतो. छांगतेनं 37 व्या मिनिटाला गोल केला आणि आपण पुढं होतो. 73 व्या मिनिटाला आपल्या गोलकीपर गुरप्रीतनं एक चेंडू अडवला, तो त्याच्याजवळून निसटून गोलपोस्टच्या बाजूनं रेषेबाहेर गेला. गेला म्हणजे चांगला गेला, त्यात शंकेला जागा नव्हती. आपली पोरं कतारला कॉर्नर मिळणार म्हणून थांबली. कतारच्या खेळाडूनं बाहेर गेलेला चेंडू पायानं आत ओढला आणि युसेफ आयमेननं तो जाळीत मारला. सहायकाचा झेंडा खालीच. दक्षिण कोरियाच्या पंचांनी गोल दिला. त्या फेरीत व्हिडिओ सहायक नव्हता, त्यामुळं परत बघायची सोय नाही. पुढं 85 व्या मिनिटाला दुसरा गोल बसला, 2-1 नं हरलो आणि बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर मला पाच जणांनी अडवलं. "सर, तुमच्या जातवाल्यानं घात केला की!" मी काय बोलणार? चूक होतीच, आणि मोठी होती. पण ते लोक एक गोष्ट गृहीत धरून बोलत होते, की टीव्हीवर आपल्याला जे दिसलं ते त्यालाही दिसलं आणि त्यानं मुद्दाम दिलं नाही. माझी हरकत आहे ती या गृहीत धरण्याला. तो उभा कुठं असतो आणि तिथून दिसतं काय, हे आज थोडं सांगतो.

पंच मैदानात एका कर्णाच्या रेषेत पळतो आणि दोन सहायक उरलेल्या दोन बाजू धरतात, प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं मैदान. सहायकानं राहायचं कुठं? बचाव करणाऱ्या संघाचा शेवटून दुसरा खेळाडू जिथं असेल, बरोबर त्याच्या रेषेत. गोलकीपर बहुतेक वेळा शेवटचा, म्हणून हा शेवटून दुसरा. चेंडू त्याच्याही पुढं गेला तर चेंडूच्या रेषेत. तोंड मैदानाकडं ठेवायचं, म्हणजे पळायचं आडवं, खेकड्यासारखं. सत्तर मिनिटांच्या आपल्याकडच्या सामन्यातसुद्धा दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. ही जागा दर सेकंदाला बदलते, कारण तो बचावपटू काही तुमच्यासाठी उभा राहत नाही.

आता ऑफसाइड, म्हणजे पास सुटताना आक्रमक त्या शेवटून दुसऱ्याच्या पुढं, गोलच्या बाजूला असणं. नियम आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे असं प्रत्येकाला वाटतं. 1925 पर्यंत आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये तीन प्रतिस्पर्धी लागायचे, त्या साली ते दोन केले. 1990 साली आणखी एक सवलत मिळाली. शेवटून दुसऱ्याच्या बरोबरीत असलेला आक्रमक ऑफसाइड धरायचा नाही. गोलकिक, थ्रो आणि कॉर्नरवर ऑफसाइड नाहीच. पण सगळी मेख एका शब्दात आहे, 'त्या क्षणी'. सहकाऱ्याचा पाय चेंडूला लागतो त्या क्षणी तू कुठं होतास, एवढंच बघायचं. पास पोचताना तू चार मीटर पुढं असशील, त्याचा संबंध नाही.

आता बघा, पास देणारा तीस-चाळीस मीटर मागं आहे आणि ती रेषा माझ्या समोर आहे. डोळे दोन असले तरी नजर एकच. पायाकडं बघितलं तर रेषा सुटते, रेषेकडं बघितलं तर पाय सुटतो. नजर तिकडून इकडं आणायला डोळ्याला सेकंदाचा काही दशांश लागतोच. पुढं धावणारा पोरगा सेकंदाला सात मीटर जातो, बचावपटू उलट दिशेनं तीन मीटर बाहेर येतो. दोघांच्यात सेकंदाला दहा मीटरचा फरक पडत चालला. म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात एक मीटर. पास सुटताना बरोबरीत असलेला गडी माझी नजर वळेपर्यंत एक मीटर पुढं असतो, आणि मला तोच दिसतो. जुने लाइनमन म्हणून कानानं काम करायचे. नजर रेषेवर ठेवायची आणि चेंडूला लाथ बसल्याचा 'टप्' आवाज ऐकायचा. आपल्याकडं कडेला हलगी चालू असली की तेही गेलं.

दुसरी गंमत कोनाची. मोटारसायकलवर मागं बसून स्पीडचा काटा बघितलाय कधी? चालवणाऱ्याला चाळीस दिसतो, मागच्याला बाजूनं डोकावताना भलताच. तसंच हे. मी रेषेच्या एक मीटर पुढं, गोलच्या बाजूला सरकलो असेन, तर पलीकडच्या कडेचा आक्रमक बरोबरीत असूनही मला पुढं गेलेला दिसतो. आणि बचावपटूच्या अलीकडं, माझ्या जवळून पळणारा खरोखर पुढं असला तरी बरोबरीत वाटतो. नेदरलँड्सच्या संशोधकांनी याचा अभ्यास करून 2000 साली 'नेचर' या नियतकालिकात मांडला होता. सहायक बऱ्याचदा रेषेच्या जरा पुढं असतात आणि त्यांच्या चुका बघण्याच्या कोनातून होतात, असा त्याचा सारांश. मी तो वाचला तेव्हा झेंडा ठेवून दिला होता. आधी वाचला असता तर निदान घरी बायकोला सांगायला काहीतरी झालं असतं.

जगातला सगळ्यात गाजलेला झेंडेवाला अझरबैजानचा, तोफिक बाहरामोव. 1966 चा अंतिम सामना, वेम्बली, इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी, जादा वेळ. जेफ हर्स्टचा फटका वरच्या दांडीला लागून खाली रेषेजवळ आपटला आणि बाहेर आला. आत पडला की रेषेवर? नियमानं चेंडू पूर्णच्या पूर्ण रेषा ओलांडून गेला पाहिजे, रेषेला धागाभर टेकला तरी गोल नाही. स्विस पंच डीन्स्ट पळत बाहरामोवकडं गेले. दोघांची भाषा वेगळी, त्यामुळं खाणाखुणाच. बाहरामोवनं मान हलवली, गोल झाला आणि इंग्लंड 4-2 नं जिंकलं. जर्मन माणूस आजही तो गोल मानत नाही. इकडं बाकू शहरातल्या मोठ्या स्टेडियमला बाहरामोवचं नाव आहे आणि त्याचा पुतळाही आहे. आपल्याकडं पुतळ्यांना तोटा नाही, पण लाइनमनचा पुतळा काही मी बघितलेला नाही.

याच्या उलट 1986. मेक्सिकोत मॅराडोनानं हातानं गोल केला, तो तर सगळ्यांना पाठ आहे. ट्युनिशियाचे पंच बिन नासेर आणि बल्गेरियाचे लाइनमन दोचेव यांनी पुढं आयुष्यभर एकमेकांकडं बोट दाखवलं. हा म्हणे त्यानं झेंडा दाखवायला हवा होता, तो म्हणे पंचांनीच बघायला हवं होतं. मला विचाराल तर मी पंचाच्या बाजूचा नाही आणि लाइनमनच्याही नाही. मैदानात उतरण्याआधी दोघांनी पाच मिनिटं नीट बोलून घेतलं पाहिजे, कोण काय बघणार ते. आमचे एक जुने पंच सामन्याआधी चहा पितानाच सांगायचे, "गोलसमोरच्या पेटीतलं मी बघतो. तू रेषा सोडू नकोस. आणि खात्री नसली तर झेंडा खाली." हे शेवटचं फार महत्त्वाचं. झेंडा ही सूचना असते. निकाल पंचाचा. तो हात हलवून तुमचा झेंडा खाली घ्यायला सांगू शकतो, आणि तेव्हा तोंड पाडून घ्यायचं नसतं.

2022 च्या विश्वचषकात ऑफसाइडसाठी छताखाली बारा कॅमेरे होते आणि चेंडूच्या आत सेकंदाला पाचशे वेळा नोंद करणारं यंत्र. पाय चेंडूला कधी लागला ते यंत्र सांगतं, म्हणजे नजरेचा तो एक मीटर गेला. चांगलंच आहे. पण आपल्याकडं फक्कीनं आखलेली रेषा दुसऱ्या हाफला वीतभर रुंद झालेली असते, आणि पाऊस आला तर तीही नसते. तिथं डोळाच.

माझी एक चूक सांगतो. वीसेक वर्षं झाली. मिरजेतली स्पर्धा, सेमीफायनल, शून्य-शून्य, शेवटची पाच-सात मिनिटं. मधून लांब पास आला, एक काटक पोरगा एकटा सुटला आणि त्यानं गोल मारला. माझा झेंडा वर. माझ्या बाजूचे तिन्ही बचाववाले बाहेर आले होते, पोरगा त्यांच्या दोन मीटर पुढं. खात्री होती. पंच आले, हळू विचारलं, "बघितलंस नव्हं?" म्हटलं, "हो सर." गोल रद्द झाला. मग पाण्याच्या पिशव्या आल्या, चपला आल्या, आईबहिणीचा उद्धार झाला. तो संघ पेनल्टीवर हरला.

संध्याकाळी गाड्यावर चहा घेत होतो, तेव्हा जिंकलेल्या संघाचा लेफ्टबॅक शेजारी येऊन उभा राहिला. चिखलानं माखलेला, हातात भडंगचा कागद. खाली बघत म्हणाला, "सर, एक सांगू? मी मागंच होतो की. बुटाची लेस सुटली हुती, पलीकडं बसून बांधत हुतो." पलीकडच्या कडेला, पन्नास-साठ मीटरवर, गुडघ्यावर बसलेला पोरगा. शेवटून दुसरा तो होता. मी त्याला बघितलंच नव्हतं. मोजली होती ती उभी माणसं.

मी पंचांच्या घरी गेलो. ते म्हणाले, अहवालावर सही झाली, आता काही होत नाही, आणि जेवूनच जा. जेवण काही गेलं नाही.

तो गोल मारणारा पोरगा आता मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. पोट सुटलंय. त्याला मी त्याच आठवड्यात सगळं सांगितलं होतं. तेव्हा काही बोलला नाही, उठून गेला. पुढं दोन वर्षं ओळख दाखवली नाही. परवा यार्डात गेलो होतो. पोत्यांच्या थप्पीआडून त्यानं मला बघितलं आणि पिवळाधमक हात सरळ वर केला, झेंड्यासारखा, आणि मी जवळ जाईपर्यंत खाली घेतला नाही. मग पोऱ्याला ओरडला, "दोन चहा सांग रे. सरांचा बिनसाखरेचा."

नमस्कार.