एनडीएची पहिली टर्म आणि नडगीचं हाड

नमस्कार मंडळी. यूपीएससीची लेखी परीक्षा आणि एसएसबीचे, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या चाचण्या-मुलाखतींचे, पाच दिवस पार करून ज्यांचं लेकरू खडकवासल्याला एनडीएत, म्हणजे सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, निघालं आहे, त्या आईबाबांसाठी आजचं बोलणं. मुलगी असली तरी हेच लागू. 2022 पासून मुलीही तिथे शिकतात.

सगळं मिळून तीन वर्षं. सहा महिन्यांची एक टर्म, अशा सहा टर्म. पहाटे पीटी, मग उस्तादांची, म्हणजे कवायत शिकवणाऱ्या प्रशिक्षकांची, ड्रिल, वर्गाला सायकलवर रांगेनं, दुपारी खेळ, रात्री अभ्यास. इंग्रजी कानावर पडून पडून जमते. विहिरीत डुंबलेलं पोर पोहण्याला घाबरत नाही. पहिल्या वर्षी नडते ती नडगी. पुन्हा सांगतो, नडगी.

यवतमाळकडच्या एका मुलाचं ऐका. बोलावणं आलं तेव्हा हातात पाच आठवडे होते. तोवर नुसता अभ्यास. मग एकदम रोज आठ किलोमीटर धावणं सुरू. तेही डांबरी रस्त्यावर, तळ झिजलेल्या कॅनव्हासच्या बुटांत. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही नडग्या आतल्या बाजूनं ठणकू लागल्या. धावायला लागलं की दुखे, अंग तापलं की थांबे. त्याला वाटलं, बरं झालं. तेव्हाच धावणं थांबवून बर्फानं शेकलं असतं तर ते तिथंच निवलं असतं. त्यानं तेल चोळलं आणि गाडीत बसला.

तिथे पहिल्या टर्मच्या कॅडेटला सावकाश चालणं नाही, जिथे जायचं तिथे पळत. वर ड्रिलमध्ये कडक मैदानावर टाच आपटायची, शेकडो वेळा. पसरलेलं दुखणं एका जागी गोळा झालं, बोट ठेवलं की डोळ्यांत पाणी. पण एमआय रूममध्ये, म्हणजे तिथल्या दवाखान्यात, गेलो तर कामचुकार म्हणतील, या भीतीनं पट्टी बांधून पोरगं सहा आठवडे गप्प. शेवटी लंगडताना उस्तादांनीच पाहिलं आणि पाठवलं. एक्स-रेत हाडाला बारीक चीर. याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. दोन महिने धावणं बंद, पीटीच्या आणि ड्रिलच्या चाचण्या हुकल्या, आणि रेलिगेशन झालं, म्हणजे तीच टर्म मागून आलेल्या तुकडीबरोबर पुन्हा. बापाला वाटलं पोरगं हाकललं. कापसाची वेचणी सोडून माणसानं पुण्याची गाडी धरली. हाकललेलं नव्हतं. सहा महिने मागे पडला, एवढंच. पुढच्या खेपेला ड्रिल टेस्ट त्यानं पहिल्याच झटक्यात काढली.

म्हणून निकालाची वाट पाहू नका. लेखी परीक्षा झाली की धावणं सुरू करा, बारा आठवडे तरी हाताशी ठेवा. आधी दोन किलोमीटर, थोडं चालत थोडं धावत, आठवड्यातून चार दिवस. दर आठवड्याला दहावा हिस्सा वाढवा, जास्त नाही. डांबरी सोडा, पांदण रस्ता धरा. पावसाळ्यात मात्र काळ्या मातीत घोटा मुरगळतो, तेव्हा शाळेचं मुरमाड मैदान बरं. आणि एक बोलतोच: खेळाचा तास काढून गणिताला देणाऱ्या शाळा मला अजिबात पटत नाहीत. दहावीपर्यंत जे पोर धावलंच नाही, त्याचं हाड पाच आठवड्यांत कुठून पिकणार?

रोज ओट्याच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, पंधरा-पंधरा वेळा, तीनदा. चामडी बूट घरीच घालून पाय सरावू द्या.

नडगीभर पसरलेलं दुखणं आरामानं जातं. एका बोटाच्या जागेवरचं दुखणं त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं. पसरलेलं वेगळं, एका जागेवरचं वेगळं. सुरुवातीच्या एक्स-रेत चीर बरेचदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे साफ आला तरी दुखत असेल तर पुन्हा जायचं.

फोन आला की "तब्येत कशी?" विचारू नका. "बरी हाय" हेच ऐकू येईल. विचारा, "बाबू, एका पायावर उडी मारली तर नडगीत कळ येते का?"